सहाव्या खंडासाठी गुडघाभर पाण्यात

हैदराबादेत वाढलेल्या माणसाला समुद्राविषयी काही विचारू नये. आमचा समुद्र म्हणजे हुसेनसागर, आणि त्याचं पाणी सकाळी जिथं असतं तिथंच संध्याकाळीही असतं. निघण्याआधी एवढी एक गोष्ट कुणी आमच्या कानावर घातली असती तर अर्धं सामान कोरडं परत आलं असतं. पण मग सांगण्यासारखंही फारसं काही उरलं नसतं, म्हणून तक्रार करत नाही.

गेलो होतो तिघं. मी, माझे सासरे आणि मकबूलभाई. सून आणि सासरे मिळून समुद्रातल्या बेटावर चार दिवस तंबू ठोकून राहतात हे ऐकल्यावर शाळेतल्या माझ्या मैत्रिणींनी आधी माझ्याकडे आणि मग एकमेकींकडे पाहिलं. मी नारायणगुड्याच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. मामंजी सिकंदराबादला रेल्वेच्या तारखात्यात तारमास्तर होते, तिथूनच निवृत्त झाले. लग्न होऊन नल्लकुंट्याच्या घरात आले तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालायच्या तारेपेक्षा रेडिओच्या तारा जास्त होत्या. पहिल्याच आठवड्यात मी चुकीच्या तारेवर साडी वाळत घातली आणि मामंजी माझ्याशी पहिलं वाक्य बोलले: "ती नको. ती ऑस्ट्रेलियाची आहे."

हौशी रेडिओ हा त्यांचा छंद. सरकारी परवाना काढायचा, स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे अक्षरं-आकड्यांचं जगात एकमेव नाव मिळवायचं, आणि कट्ट-कड-कट्ट करत दुनियेतल्या अनोळखी माणसांशी बोलायचं. पुढे त्यांनी मलाही शिकवलं आणि परीक्षा देऊन मीही परवाना काढला. सासूबाई म्हणायच्या, "सुनेला पुरणपोळी शिकवायला मी घेतली, तर हे मध्येच तिला टरटर शिकवायला घेऊन गेले."

या छंदात एक मान मोठा. अंटार्क्टिका सोडून सहाही खंडांशी बोलणं झालं आणि त्याच्या पोचपावतीची कार्डं पोस्टानं आली की एक प्रमाणपत्र मिळतं. मामंजींचे पाच खंड केव्हाच झाले होते. अडलं होतं ते दक्षिण अमेरिकेपाशी. हैदराबादेत उभं राहून जमिनीतून सरळ सळई खुपसली तर ती त्याच बाजूला कुठंतरी निघते, इतका तो खंड आपल्यापासून लांब. वीस वर्षं ते ऐकत होते, हाका मारत होते, आणि तिकडून ओ येत नव्हती. अलीकडे तर त्यांना ऐकूही येईनासं झालं. सगळं खुलं झालं म्हणतात तसं आमच्या गल्लीतही झालं: घरोघरी केबल आली, रंगीत टीव्ही आले, कुणाचा मिक्सर तर कुणाची पाण्याची मोटर, आणि या सगळ्यांचा खरखराट मामंजींच्या कानात. त्यात आमचं बैठं घर संक्रांतीनंतर बिल्डरच्या ताब्यात जाणार होतं. पाच मजले उठणार, त्यातला दुसऱ्यावरचा एक फ्लॅट आमचा. गच्ची सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. या हिवाळ्यात सहावा खंड झाला नाही तर तो कधीच होणार नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

अशात आमच्या हौशी रेडिओ क्लबनं ठरवलं की नोव्हेंबरातल्या जागतिक स्पर्धेसाठी काकिनाड्याजवळच्या एका बेटावरून केंद्र चालवायचं. बेटावरच्या केंद्राला सगळ्या जगातून मागणी असते. शिवाय मामंजींनी पडद्यांच्या ॲल्युमिनियम दांड्यांतून उभा अँटेना बनवला होता, त्याची चाचणीही व्हायची होती. त्यांचं म्हणणं, खारं पाणी पायाशी असलं की असा अँटेना शतपट बोलतो. हुसेनसागरापाशी करून बघावं, तर ते पाणी खारं नाही, बाकी सगळं आहे.

शुक्रवार: बेट

काकिनाड्याच्या धक्क्यावर एका हवालदारानं आम्हाला थांबवलं. वायरलेस म्हटलं की त्या दिवसांत किनाऱ्यावर पोलिसांचे कान टवकारायचे. दिल्लीचं परवानगीचं पत्र त्यानं दोनदा वाचलं, अँटेनाच्या दांड्या पाहिल्या आणि तेलुगूत विचारलं, "हे पडद्याचे रॉड नाहीत का?" मामंजी म्हणाले, "आहेत." हवालदारानं आम्हाला सोडलं. जाताना त्याच्याच ओळखीच्या दुकानातून खाजा घ्यायला लावला, तो मात्र अप्रतिम होता. दाताखाली कुडुम करून फुटतो आणि आतला पाक थेट हनुवटीवर येतो. आमच्याकडच्या अनारशाला असा आगाऊपणा जमत नाही.

नावेनं दोन तास. मकबूलभाईंचं सिकंदराबादेत रेडिओदुरुस्तीचं दुकान. त्यांच्याकडे परवाना नाही, पण त्यांच्याशिवाय क्लबचं पानही हलत नाही. नव्यानं आयात झालेला छोटा जपानी जनरेटर मांडीवर घेऊन ते बसले होते आणि लाट आली की कलमा म्हणत होते. "बाजी, ये पानी इत्ता हिलता कायकू?" त्यांनी मला विचारलं. मी भौतिकशास्त्राची शिक्षिका, पण चंद्राचं गुरुत्वाकर्षण समजावण्याची ती वेळ नव्हती.

बेट म्हणजे वाळूचा लांब पट्टा, थोडी सुरूची झाडं आणि कोळ्यांच्या पंधरा-वीस झोपड्या. दुपारी एकला पोचलो तेव्हा समुद्र लांब शांत पडला होता. मामंजी खुशीत चालत पाण्याच्या काठापर्यंत गेले, टाच रोवली आणि म्हणाले, "इथं." आम्ही तिथं बांबू पुरला, त्याला दांड्या बांधल्या, पायथ्याशी वाळूवर जुळणीचा डबा ठेवला. या डब्यात तारेची वेटोळी नि गोल फिरणाऱ्या पट्ट्या असतात. रेडिओ आणि अँटेना यांचं जमवून देणारा मध्यस्थ म्हणा. मामंजींनी तो तीन महिने खपून हातानं बनवला होता. तंबू साठ पावलांवर, सुरूच्या सावलीत.

जाळी सांधत बसलेली एक बाई हे सगळं पाहत होती. नागमणी तिचं नाव. पन्नाशीची असेल, आवाज असा की वाऱ्यातही अर्धा मैल जावा. ती म्हणाली, "अम्मा, नीळ्ळु वस्ताई." पाणी येईल. मामंजींनी नम्रपणे मान डोलावली आणि म्हणाले, "पाण्याजवळच हवाय आम्हाला."

चहा झाला, तंबूत टेबल लागलं, सासूबाईंनी दिलेल्या दशम्या आणि शेंगांची चटणी खाल्ली. साडेसहाला मकबूलभाई जनरेटरला पेट्रोल घालायला बाहेर गेले आणि तिथूनच ओरडले, "मास्टरसाब! समंदर इधरकू आरा!"

आम्ही धावलो तेव्हा अँटेना समुद्रात उभा होता आणि डबा कुठंच दिसत नव्हता. घरी पंचांग बघून एकादशी, प्रदोष, संकष्टी सगळं पाळणारी माणसं आम्ही. त्या दिवशी द्वादशी आहे हे तिघांनाही ठाऊक होतं. पण तिथीचा पाण्याशी काही संबंध असतो हे एकाच्याही डोक्यात आलं नाही! मामंजी धोतर खोचून आत शिरले, चाचपडले आणि डबा छातीशी धरून बाहेर आले. त्यातून पाणी गळत होतं आणि एक खेकडाही निघाला. त्यांचा चेहरा पाहून मला रडू आलं.

नागमणीनं डबा त्यांच्या हातून घेतला, गोड्या पाण्यानं खळाळून धुतला आणि चुलीवरच्या मासळी सुकवायच्या शिंकाळ्यात ठेवून दिला. तासाभरात तो खडखडीत कोरडा झाला आणि चालूही झाला. सुक्या बोंबलाचा वास मात्र त्याला लागला तो लागलाच. सासूबाई त्याला अजून घरात घेत नाहीत.

तोवर आम्ही अँटेना कोरड्या वाळूत रोवून पाहिला होता. आवाज अगदी किरटे, नल्लकुंट्याहून थोडे बरे एवढंच. मामंजींनी पुन्हा पाण्याकडे पाहिलं. शेवटी अँटेना होता तिथंच ठेवून डबा बांबूला कंबरेएवढ्या उंचीवर बांधला आणि तारा खाली पाण्यात सोडल्या. याहून वर न्यावा तर तारा पुरत नव्हत्या. रेडिओ लावला. आणि काय सांगू! सगळं जग तंबूत येऊन बसलं. जपान, रशिया, इटली, कुणी कुणाला बोलू देईना. मकबूलभाईंनी हेडफोन एका कानाला लावून पाहिला आणि म्हणाले, "क्या साफ है मास्टरसाब, धुलेला कपडा!"

नागमणी मला हळूच म्हणाली, पौर्णिमेला पाणी याहून वर येतं, तुमच्या डब्याला पोचेल. पौर्णिमा सोमवारी होती.

शनिवार, रविवार

स्पर्धेचं घड्याळ ग्रीनिचचं. तिथं शुक्रवारचे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे शनिवारी पहाटेचे साडेपाच. तिथून सोमवारी पहाटे साडेपाचपर्यंत, अठ्ठेचाळीस तास, जमतील तेवढ्या केंद्रांशी बोलायचं. मामंजी आणि मी आळीपाळीनं बसणार होतो.

पहिल्याच पहाटे, स्पर्धा सुरू होऊन अर्धा तास झाला असेल, मामंजी मोर्सच्या कट्ट-कड किल्लीवर होते. शेजारी बसून मी वहीत नोंदी करत होते. एकाएकी त्यांचा हात थांबला. कानातल्या गर्दीच्या मागून एक बारीक, कापरा आवाज येत होता. चिली! दक्षिण अमेरिका! वीस वर्षं ज्यासाठी कान दिले ते समोर उभं. मामंजींनी स्वच्छ ठिपके-रेघा पाठवल्या, तिकडून उत्तर आलं, देवघेव पूर्ण झाली. मी टाळ्या वाजवणार तेवढ्यात त्यांनी नुसतं सांगितलं, "लिही. क्लबच्या खात्यात."

कारण स्पर्धेत आम्ही क्लबचं कॉलसाइन वापरत होतो. जे बोलणं झालं ते क्लबचं. मामंजींचं स्वतःचं नाव चिलीला पोचलंच नव्हतं, त्यामुळे सहावा खंड होता तिथंच होता.

"मामंजी, एकदाच तुमचं कॉलसाइन टाका ना," मी म्हणाले. "कोण बघतंय?"

"मी बघतोय," ते म्हणाले. "सोमवारी साडेपाचला. मग माझं."

सोमवारी साडेपाचला स्पर्धा संपणार, सातला नाव निघणार, कारण भरती असतानाच ती खाडीतून आत जाते. म्हणजे दीड तास. त्यातही इकडे सूर्य उगवताना आणि तिकडे मावळतानाच ही वाट उघडते, पुरता दिवस वर आला की मिटते. हा सगळा हिशोब त्यांनी मनात केव्हाच करून ठेवला होता.

ते दोन दिवस मात्र सुखाचे गेले. दुपारी वारा सुटायचा आणि तंबू फडफडायचा. नागमणी रोज डोकवायची, रेडिओतली पिपाणी ऐकून खो खो हसायची. तिला वाटायचं आत कुणीतरी पक्षी कोंडलाय. मी तिच्या कानाला हेडफोन लावून दिला आणि सांगितलं, हा माणूस फिनलंडचा, तिकडे बर्फ पडतंय. तिनं विचारलं, "त्याचं जेवण झालं का?" मला ते विचारायचं सुचलंच नव्हतं. स्पर्धेत तेवढा वेळ नसतो.

रविवारी तिनं मला घरी जेवायला बोलावलं. भात, चिंचेच्या कोळातलं लालभडक माशाचं कालवण आणि गोंगुऱ्याचं, म्हणजे अंबाडीचं, लोणचं. आमचं घर परभणीकडचं शाकाहारी देशस्थ, मासा मी कधी ताटात पाहिलाही नव्हता. पण ती इतक्या कौतुकानं वाढत होती की नाही म्हणवेना. पहिला घास देवाचं नाव घेऊन, दुसरा कुतूहलानं, आणि तिसऱ्यापासून मी हिशोब सोडला. तंबूत परतल्यावर मामंजींनी माझ्याकडे पाहिलं आणि खिशातली बडीशेप पुढे केली. "घे. घरी बोलू नकोस," एवढंच म्हणाले.

सोमवार: पौर्णिमा

पहाटे पाच एकोणतीसला आम्ही शेवटची नोंद केली. साडेपाच झाले आणि जगभरचा कोलाहल नळ बंद केल्यासारखा थांबला. अठ्ठेचाळीस तास जागलेली दुनिया हेडफोन काढून झोपायला गेली. मामंजींनी क्लबची वही मिटली, नवी वही उघडली, वर स्वतःचं कॉलसाइन लिहिलं. मग हाका मारायला सुरुवात केली. उत्तर कुठूनच नाही.

तेवढ्यात पाण्याकडून बायकांचे आवाज आले. कार्तिकी पौर्णिमा. आपल्याकडे त्रिपुर संध्याकाळी देवळात पाजळतात, तिथं सूर्य उगवायच्या आत केळीच्या सोपटात दिवे लावून पाण्यात सोडतात. वस्तीतल्या सगळ्या बायका गुडघाभर पाण्यात उतरल्या होत्या, आणि ओहोटीत जमिनीवर असलेल्या आमच्या तारा आता त्यांच्याच पायांशी पाण्यात होत्या. रेडिओ चालू असताना त्या तारेला हात लागला तर चटका बसतो. मामंजींनी किल्लीवरून हात काढून घेतला.

"बाजी, टाइम जारा," मकबूलभाई कुजबुजले.

"जाऊ दे," मामंजी म्हणाले.

पावणेसहा, पाच पन्नास, पाच पंचावन्न. पूर्वेला फटफटलं. शंभरेक दिवे अँटेनाच्या भोवतीनं हेलकावत होते. इतकं सुंदर काही मी आजवर पाहिलं नव्हतं आणि त्या दहा मिनिटांत माझं त्याच्याकडे लक्षही लागत नव्हतं. शेवटी मी पळत गेले आणि नागमणीला सांगितलं. तिनं एक हाक घातली आणि सगळ्या बायका हसत, ओल्या पदरांनी पलीकडे सरकल्या.

सहा वाजता मामंजींनी पुन्हा हाक दिली. एकदा, दोनदा, दहादा. सहा बाराला त्या शांततेतून तोच बारीक कापरा आवाज आला. चिली! तोच माणूस, झोपायच्या आधी सहज ऐकत बसलेला असावा. त्याला हाक अर्धवटच पोचली होती. तो विचारत होता, कोण तुम्ही?

आणि मामंजींच्या हातानं क्लबचं कॉलसाइन पाठवलं.

दोन दिवस, दोन रात्री हाताला तेच वळण पडलं होतं. मी ऐकलं, त्यांनीही ऐकलं, पण पाठवलेलं परत घेता येत नाही. तिकडून उत्तर आलं: आधीच बोललोय, मित्रा, शुभेच्छा. आणि तो निघाला.

मामंजींचा हात किल्लीवरून खाली आला. छत्तीस वर्षं एकही तार चुकवली नाही असा माणूस. मी भान विसरून त्यांचा हात धरला आणि किल्लीवर ठेवला. "तुमचं! मामंजी, तुमचं नाव पाठवा! तो अजून असेल!" सासऱ्यांवर असं ओरडले हे घरी कुणाला खरं वाटत नाही. त्यांनी स्वतःचं कॉलसाइन पाठवलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं, मग पुन्हा एकदा. पुढे काहीच नाही. नुसता समुद्र. मग प्रश्नचिन्ह आलं. मग त्यांचं कॉलसाइन, एकही अक्षर न चुकता, चिलीहून परत.

आवाज किती जोराचा येतो ते त्यानं सांगितलं, मामंजींनी सांगितलं, नावं झाली. सहावा खंड झाला. (कार्ड यायला चार महिने लागले, पण आलं.) मकबूलभाई तंबूबाहेर जाऊन वाळूत नाचत होते आणि पाण्यातल्या बायका त्यांना पाहून हसत होत्या. मी डोळे पुसत बाहेर पाहिलं तर भरती चांगलीच वर आली होती.

मला वाटलं आता मामंजी निरोप देतील. पण त्यांची किल्ली चालूच होती. मी ऐकू लागले. ते त्याला म्हणत होते: कृपया थांबा. डॉटर इथं आहे. तिच्याशी बोला.

हेडफोन त्यांनी माझ्या डोक्यावर चढवला आणि खुर्चीवरून उठले. माझे तोवर चारच खंड झाले होते, दक्षिण अमेरिका माझ्या स्वप्नातही नव्हती. पहिलंच अक्षर मी चुकवलं आणि पुन्हा पाठवावं लागलं. चिलीच्या त्या भल्या माणसानं ते समजून घेतलं, माझं कॉलसाइन परत पाठवलं, नाव विचारलं. मी नाव पाठवलं. त्यानंतर वाट मिटली आणि कानात फक्त सूं सूं उरली.

सामान आवरताना मामंजी तार गुंडाळत होते. आमच्या नात्याला इंग्रजीत तीन शब्द लागतात, त्यांतला पहिलाच त्यांनी पाठवला होता. मी न राहवून विचारलं, "मामंजी, पुढचे दोन शब्द कुठं गेले?"

"पाठवणार होतो," ते वर न बघता म्हणाले. "पण पाणी डब्याला लागलं होतं. वेळ नव्हता."

मी पाहिलं होतं. पाणी डब्याच्या अजून चांगलं हातभर खाली होतं.